बेडूक रबरी, याड अस्सल

सोन्याचा भाव विचारायचा सोडून सातारा-सांगलीकडची चांगली कमावती माणसं हल्ली बेडकाचा भाव विचारायला लागलीत. तोही रबरी बेडकाचा! पावसाळ्यात अंगणात फुकट उड्या मारणाऱ्याला आपण झाडूनं हाकलतो. आणि हा पोटातून पोकळ, मागं झुरमुळ्या लावलेला, डोळे वटारलेला पाहुणा कुरिअरनं आला की त्याची पेटी फोडायला अख्खी आळी गोळा. उन्हाला हिरवा वेगळा, गढूळ पाण्याला पिवळा वेगळा, संध्याकाळसाठी काळा वेगळा. माणसाला दोन शर्टांवर वर्ष काढता येतं, पण बेडकाला ऋतुमानाप्रमाणे कपडे लागतात! आणि हा सगळा थाट कुणासाठी? तर तळ्याच्या कडेला शेवाळात तोंड लपवून बसलेल्या एका मरळ माशासाठी.

आपल्या वेळी गळ म्हणजे काय होतं? कळकाची काठी, नायलॉनचा दोरा, तरंगायला थर्मोकोलचा तुकडा आणि शेणाच्या उकिरड्यातलं गांडूळ. खर्च जवळपास शून्य. आता काठीला काठी म्हणून बघा, तो तरुण तुमच्याकडे असा बघेल की जणू त्याच्या खानदानाचा उद्धार केलात. रॉड म्हणायचं. त्यावर रील. रीलवर विणलेला दोरा, तोही शेवाळाच्या रंगाचा, मरळीला दिसू नये म्हणून. डोक्यावर टोपी, डोळ्यावर पाण्याची चमक मारणारा गॉगल, पाठीवर सॅक, छातीवर कॅमेरा. लग्नातसुद्धा एवढं नटला नव्हता हो! आणि निघाला कुठं? तर गावाबाहेरच्या तळ्यावर, जिथं म्हशी धुतात.

तिथं तो काय करतो ते एकदा बघाच. बेडूक भिरकावतो तो थेट जलपर्णीच्या मधोमध. आपण म्हणतो, अडकला आता! पण नाही. बेडकाचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळं पानांवरून तो सुळसुळत येतो. दोन झटके, मग विसावा. पुन्हा दोन झटके, पुन्हा विसावा. काठावरची चार माणसं श्वास रोखून. एवढ्यात पानं हलतात, पाणी फाटतं, ‘धप्प’ असा आवाज होतो आणि बेडूक गायब. इथं नवखा काय करतो? दचकून ओढतो. रिकामा बेडूक उडून येऊन त्याच्याच कपाळावर बसतो. मुरलेला मात्र क्षणभर दम धरतो, तिनं घास तोंडात नीट फिरवला की मग हिसका देतो. ज्या माणसाला बायकोचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबता येत नाही, तो मरळीसाठी थांबतो. म्हणजे संयम होता तर अंगात! आजवर कुठं दडवला होता?

बरं, बिघडलंय कोण म्हणाल तर सुधारलेलंच कुणी उरलं नाही. बँकेतले साहेब, ज्यांनी उभ्या आयुष्यात खुर्चीवरून उठून कुणाला फॉर्म दिला नाही, ते रविवारी पहाटे साडेचारला गुडघाभर चिखलात. गुरुजी सुट्टीच्या अर्जावर ‘घरगुती कारण’ लिहितात; कारण घरात नसून तलावात पोहतंय हे अख्ख्या शाळेला ठाऊक. तासगावकडचा बागायतदार द्राक्षावरच्या डावणीनं हैराण, पण संध्याकाळ झाली की पाय शेततळ्याकडेच. या शेततळ्याची तर वेगळीच कथा. त्यात हौसेनं रोहू-कटल्याची बोटुकली सोडली होती. पुढं पाण्याबरोबर कुठून तरी चार मरळी आत शिरल्या आणि बोटुकलींची हजेरी घ्यायला लागल्या. दुसरा कुणी असता तर कपाळावर हात मारून घेतला असता. हे महाशय खूश! ‘रोहू काय, बाजारात मिळतो. मरळ घरात आली, घरात!’ घरात चोर शिरला म्हणून पेढे वाटणारा माणूस आपण याआधी पाहिला होता का?

आणि माळकरी? त्यांचं तर बोलूच नका. ‘आपण खात नाही बाबा, नुसतं बघायला आलो’ असं म्हणत काठावर उकिडवे बसतात, आणि ‘डावीकडं टाक, डावीकडं, त्या पानाखाली हाय ती’ असं कुजबुजत सगळ्या मोहिमेचं सेनापतिपद घेतात. पोराच्या गळाला लागली की पहिली आरोळी यांचीच.

आता या बयेत एवढं आहे तरी काय? रूप म्हणावं तर डोकं सापाचं, अंग लांबुळकं, रंग चिखलाचा, वर बुळबुळीत. हां, फुलमरळीच्या शेपटीपाशी केशरी कड्याचा एक काळा ठिपका असतो, तेवढाच काय तो दागिना. पण मिजास बघा. बहुतेक मासे कल्ल्यांवर भागवतात, हिला वरची हवा लागते. डोक्यात कल्ल्यांच्या वर हिची खास हवेची पोकळी असते आणि ठरावीक वेळानं वर येऊन घोट घेतल्याशिवाय हिचं चालत नाही. जाळ्यात पाण्याखाली अडकवून ठेवली तर मासा असूनही गुदमरून मरते. पाण्यात बुडून मरणारा मासा! उलट पाण्याबाहेर ओल्या फडक्यात ठेवली तर तासन्‌तास टिकते. तळं आटलं की चिखलात शिरते आणि पावसाची वाट बघते. खाणं विचाराल तर बेडूक, किडे, मासे जे समोर येईल ते. आणि काही नाही मिळालं तर स्वतःच्याच जातीतलं धाकटं. म्हणून मरळ पाळणाऱ्यांना पिल्लांची सतत निवड करून लहान-मोठी वेगळी ठेवावी लागतात, नाहीतर शंभर सोडावीत आणि शेवटी चार ढेरपोटी हाती लागावीत. एवढी दुष्ट, पण पोटच्या पोरांसाठी? नवरा-बायको दोघं अंड्यांवर पहारा देतात. लालबुंद पिल्लांचा घोळका पाण्यावर खदखदत फिरतो आणि खाली आईबाप डोळ्यात तेल घालून. अशा भानगडखोर, कुटुंबवत्सल बाईच्या प्रेमात आपला पश्चिम महाराष्ट्र नाही पडायचा तर कोण पडायचं?

प्रेमात पडला की माणूस खोटं बोलायला लागतो, हे ओघानं आलंच. ‘मेल्या म्हशीला मणभर दूध’ हे आपण ऐकलं होतं. आता सुटलेल्या मरळीचं वजन ऐका. काठावर सुटली तेव्हा दोन किलोची. चहाच्या टपरीवर तीन. लग्नाच्या पंगतीत बसली तर पाच, आणि दिवाळीपर्यंत तिनं रॉड मोडलेला असतो. जी हाती लागते तिचा फोटो काढायची तऱ्हाही न्यारी. दोन्ही हात कॅमेऱ्याकडं असे ताणायचे की पुढं मरळ मगरीएवढी आणि मागं माणूस बाहुलीएवढा. कृष्णेत खऱ्या मगरी आहेत म्हणून बरं, नाहीतर तेही श्रेय हिलाच गेलं असतं.

आणि गुप्तता? अहो, जमिनीचे व्यवहार एवढे झाकून होत नाहीत. फोटोत मागचं झाड, देऊळ, धरणाची भिंत सगळं पुसून टाकतात. ‘कुठं लागली रे?’ विचारलं की ‘इकडंच, वरच्या अंगाला’. वरचं अंग म्हणजे नेमकं काय? माणच्या कडेचा राजेवाडी तलाव? खटावातला नेर? मायणी? धोमच्या मागचं पाणी? की सांगलीतच आयर्विन पुलाखाली? सख्खा भाऊ सख्ख्या भावाला वाटणीचा उतारा दाखवेल, पण मरळीची जागा नाही. आपणही काही कमी नाही. सांगलीत काळ्या खणीवरून जाताना नजर हळूच जलपर्णीच्या कडेला जातेच की नाही? बुडबुडा दिसला की गाडी आपोआप मंद होते. ‘ब्रेक खराब झालेत’ म्हणायचं.

स्वयंपाकघरातला तमाशा वेगळाच. बाजारात टबातली मरळ रोहू-कटल्याच्या दुपटीहून चढ्या भावानं जाते, आणि गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, ‘जिती हाय न्हवं?’ जिती आहे हे घरी आल्यावर कळतं. पिशवी मोरीत रिकामी करावी तर ती शेपटीनं तांब्या उडवते, साबण गिळायला बघते आणि बादलीमागं जाऊन बसते. हातात धरावी तर सटकन निसटते. अशा वेळी सगळ्या घराला बंबातली राख आठवते. गॅस गीझर आल्यावर बंब माळ्यावर टाकलेला, मग शेजारच्या काकूंकडं वाटीभर राख मागायला पोरगं धावतं आणि गल्लीला कळतं की आज यांच्याकडं मरळ आहे. राख चोळून, मुंडकं दाबून, सुरी चालवून होईपर्यंत घरातला कर्ता पुरुष घामाघूम. वहिनी दारातून शांतपणे म्हणतात, ‘बाजारात साफ करून देत्यात म्हणे.’ पण एकदा कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजलं, घरची चटणी पडली, रश्श्यावर तर्री आली आणि ज्वारीची गरम भाकरी ताटात मोडली की हा अपमान कुणाच्या लक्षात राहतो? काटे थोडे, मांस घट्ट. पोरांनाही निर्धास्त द्यावी. त्या मुंडक्यासाठी मात्र घरात भांडणं लागतात.

आणि एवढं खाऊन वर साळसूदपणा! आवडते म्हणून खातो असं कबूल करणारा एक तरी भेटलाय? प्रत्येकाला कारण आहे. सुनेचं बाळंतपण झालंय, तिला ताकद यायला हवी. भावजींचं ऑपरेशन झालंय, टाके लवकर भरायला हवेत. मिरजेत ऑपरेशन एकाचं आणि रस्सा भुरकणारे सात! रोग्याच्या वाट्याला वाटीभर पाणी, नातेवाइकांना तुकडे. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही कला आपल्याला उपजतच येते. पण आपणच तेवढे बदमाश नाही. कोरियात हिच्याच चुलतबहिणीचा रस्सा बाळंतिणीला देतात. मलेशियात जखम भरायला मरळ खातात. इंडोनेशियात तर मरळीच्या अर्काच्या कॅप्सूल निघाल्यात. म्हणजे राख नको, मोरी नको, भांडण नको. पाण्याबरोबर मरळ गिळा. त्यात मुंडकं कुणी खायचं, हा प्रश्न मात्र त्यांनी सोडवलेला नाही.

गिळण्यावरून आठवलं, हैदराबादचं ऐकलंय ना? मृग लागला की बथिनी घराण्याचे लोक दम्यावर ‘मत्स्यप्रसाद’ देतात. बोटभर जिती मरळ, तिच्या तोंडात पिवळसर औषध, आणि ती तशीच वळवळती घशाखाली. १८४५ पासून ही प्रथा चालत आल्याचं घराणं सांगतं. दमा बरा होतो याला वैद्यकशास्त्राचा पुरावा नाही, तरी रांगा काही हटत नाहीत. आपल्याकडचीही माणसं रेल्वेनं जाऊन येतात. ‘काय अंधश्रद्धा ही!’ असं म्हणून आपण पेपर खाली ठेवतो. आणि मग त्याच तोंडानं विचारतो, ‘पण काय हो, पोटात गेल्यावर वळवळते का?’

तेलंगणानं २०१६ साली मरळीला चक्क राज्यमासा केलं. आणि आपण? २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला पापलेट! समुद्राचा, कोकणाचा, चंदेरी, नाजूक. घाटावरच्या माणसाला कुणी विचारलं का? मोर्चा नाही, निवेदन नाही, रास्ता रोको नाही. उसाच्या दोन रुपयांसाठी हायवे अडवणारा आपला जिल्हा मरळीच्या अपमानावर गप्प बसला, यासारखी शरमेची गोष्ट नाही. पापलेटला बादलीतून उडी मारता येते का? चिखलात उन्हाळा काढता येतो का? बर्फावर निजून राहणं हीच का महाराष्ट्राची बाणेदार वृत्ती?

तिकडं अमेरिकेची तर मरळीच्या घराण्यानं झोप उडवली आहे. २००२ साली मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात मरळीची चिनी बहीण सापडली. कुणा भल्या माणसानं रस्सा करायला जित्या आणल्या होत्या, बेत फिसकटला आणि त्यानं तळ्यात सोडल्या. झालं! राक्षसी मासा, चालणारा मासा, बदकं खाणारा मासा असा गिल्ला झाला. सरकारनं अख्ख्या तळ्यात विष ओतलं. त्याच साली सगळ्या मरळ कुळालाच उपद्रवी ठरवून जिती आणायला बंदी घातली. दोन वर्षांत तिच्यावर भयपट आले. फ्लोरिडात त्याआधीच, २००० मध्ये, टॅमरॅकजवळ फुलमरळीच्या गोतावळ्यातली एक मुक्कामाला आल्याचं उघड झालं होतं. बंदी, विष, सिनेमा, सगळं करून झालं. मरळ हटली नाही. शेवटी २०२४ मध्ये मेरीलँडनं तिचं ‘चेसापीक चन्ना’ असं झकास बारसं केलं, आणि लोकांना सांगितलं, खा आता! बावीस वर्षं डोकं आपटून अमेरिका त्या निर्णयाला आली, जो आपल्याकडं पहिल्या पावसात होतो. एक मराठी वहिनी आणि वाटीभर राख धाडली असती तर एवढा खर्च वाचला असता.

आता कुणी म्हणेल, ही सगळी मोबाइलवरच्या व्हिडिओंची कृपा, आधीची पिढी सज्जन होती. कसली सज्जन? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, ज्याच्या घराण्याची सत्ता आपल्या या मुलखावरही होती, त्यानं इसवी सन ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. राजानं काय काय करावं त्याचं हे भलंमोठं शास्त्र. त्यात राज्यकारभार आहे, पाककला आहे आणि ‘मत्स्यविनोद’ही आहे! काठी कशी असावी, दोरा कसा, कुठल्या माशाला कसलं आमिष, सगळं सविस्तर. राजा काठावर बसून गळ टाकत होता आणि प्रधान मागं फायली घेऊन उभा. मग आपल्या बँकेतल्या साहेबांनीच काय घोडं मारलंय? पुढं १८३९ च्या सुमारास कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांची यादी केली. पांढऱ्या ठिपक्यांच्या मरळीला त्यानं त्यात मानानं बसवलं. त्याला सरकारनं पाठवलं होतं आकडेवारी गोळा करायला. म्हणजे कामाच्या वेळेत मासे बघणं ही आपल्या सरकारी खात्यांची जुनी परंपरा आहे, उगीच आजच्या कर्मचाऱ्यांना नावं ठेवू नका.

पण या जत्रेत काही जण खरोखरच ताळ सोडतात, आणि तिथं मात्र लटक्या नव्हे, खऱ्या चार शिव्या द्याव्यात. पिल्लांचा लाल घोळका पाण्यावर दिसला की काही बहाद्दर नेमके त्याच्यातच बेडूक टाकतात. आई धावून येणारच. भूक लागली म्हणून नव्हे, पोरांवर कोण आलं म्हणून. ती उचलली की इतर मासे पोरांचा फडशा पाडतात. एका फोटोसाठी अख्खा पाळणा रिकामा! पहिल्या पावसात चढणीला लागलेले, अंड्यांनी भरलेले मासे पोत्यानं मारणारे तर आणखी थोर. भोई समाजातले जुने जाणते म्हातारे हे बघून नुसते हसतात. त्यांनी आयुष्यभर नदीवर पोट भरलं, पण नदीच खाऊन टाकावी असं त्यांना कधी सुचलं नाही.

आणि याच वेड्यांच्या बाजूनं एक गोष्ट बोलावीच लागेल, कितीही जिवावर आली तरी. आपल्या गावांनी नदीकडं पाठ फिरवून किती वर्षं झाली? पूर आला की पाणीपातळी बघायला जायचं, गणपती बुडवायला जायचं, एरवी नाक धरून पूल ओलांडायचा. मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला तेव्हा आपण दोन दिवस हळहळलो आणि पुन्हा क्रिकेटकडं वळलो. आज कुठल्या ओढ्याचं पाणी कधी काळं झालं, कुठल्या बंधाऱ्यात जलपर्णी कधीपासून साचली, कुठं मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात, हे नेमकं कोण सांगतं? कार्यालयात बसलेला नव्हे. हा टोपीवाला, गॉगलवाला, खिशात सहा रबरी बेडूक बाळगणारा रिकामटेकडा सांगतो! कारण तो एकटाच रोज काठावर असतो. पाण्यातला प्राणवायू संपला की रोहू-कटला आधी जातात. मरळ वरची हवा पिऊन काही काळ तग धरते. उद्या नदीत फक्त मरळच उरली, तर ते तिचं कौतुक समजायचं की आपली अब्रू गेली म्हणायची? आणि विष सोडलंत तर तीही उरणार नाही. मग त्या सहा रंगांच्या बेडकांचं काय करायचं, देव्हाऱ्यात ठेवायचे?

तर मंडळी, असं हे सगळं जग बिघडलेलं आहे आणि आपण तेवढे शहाणे काठावर उभे. हो ना? मग गेल्या महिन्यात ‘भाच्यासाठी’ म्हणून रील कुणी मागवली? भाचा पुण्यात नोकरीला, पोहता येत नाही, माशाचा वास सोसत नाही. श्रावणात शेवाळातल्या मरळीचे व्हिडिओ आवाज बंद करून कोण बघतं? ‘नुसतं बघितलं, खाल्लं कुठं?’ म्हणे! फिरायला जाण्याचा रस्ता अचानक तलावाच्या बांधावरून कुणाचा जायला लागला? साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, तास न्‌ तास एका जागी उभं राहायला नव्हे!

आणि एवढं सगळं इथवर वाचलंत ते काही सोमेश्वर राजासाठी नाही, हे आपल्याला कळतं. मरळ नेमकी कुठं लागते, ते कुठंतरी येईल म्हणून वाचलंत. इकडंच लागते हो, वरच्या अंगाला.